माफ न करणारे ज्वालाप्रसाद

ज्वालाप्रसादांनी उभ्या आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कौतुकाने लिहिते आहे. आपल्याकडे माणूस गेला की तो किती मोठ्या मनाचा होता, सगळं कसं पोटात घालायचा, असं लिहायची पद्धत आहे. आमचे ज्वालाप्रसादकाका काहीही पोटात घालत नसत. त्यांच्या पोटात काकूंच्या हातचं जेवण जाई आणि बाकीचं सगळं डोक्यात राही. कोण काय बोललं, कुठे उभं राहून बोललं, तेव्हा कोण कोण ऐकत होतं, हे त्यांना वीस वर्षांनीही सांगता यायचं.

लखनौत निशातगंजच्या बाजारात एका भाजीवाल्याने त्यांना एकदा किडकी वांगी दिली होती. आमच्या कंपनीची बस संध्याकाळी तिथल्या नाक्यावर थांबे. आठवड्यातून दोनदा काका तिथे उतरत, त्या भाजीवाल्याच्या ठेल्यापुढे उभे राहत, एकेक वांगं हातात घेऊन उलटंपालटं करून बघत, परत जागेवर ठेवत आणि शेजारच्या ठेल्यावरून वांगी विकत घेत. असं अकरा वर्षं चाललं. "बाबूजी, अब तो माफ कर दीजिए, वो तो बड़े भैया ने तौली थीं," तो बिचारा हात जोडून म्हणायचा. "अच्छा? कैसे हैं भैया?" असं काका अगदी आपुलकीने विचारत आणि शेजारी वळत. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, अकरा वर्षं झाली हो." तर म्हणाले, "वांगं त्या दिवशी किडकंच होतं न? अकरा वर्षांनी ते चांगलं झालं काय?"

ज्वालाप्रसाद हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते भंडाऱ्याकडचे, नाव मुरलीधर. पण लखनौबाहेर बख्शी का तालाब गावाच्या पलीकडे शेतांच्या मधोमध असलेल्या आमच्या नायट्रिक ॲसिडच्या कारखान्यात ते लागले आणि पहिल्याच महिन्यात रामसुमेर नावाच्या ऑपरेटरने त्यांचं बारसं केलं. बर्नर पेटवायचं काम काकांचं. हातात हायड्रोजनची लांब नळीची मशाल, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाने एक अक्षर नाही. ते बघून रामसुमेर म्हणाला, "ये मुरलीधर कहाँ से हैं, ये तो ज्वालाप्रसाद हैं." तेव्हापासून गेटवरच्या रखवालदारापासून हजेरीबुकापर्यंत सगळीकडे तेच नाव. काकूंनी एकदा घरून फोन करून मुरलीधररावांना बोलवा म्हटलं, तर टेलिफोन ऑपरेटरने "इस नाम का कोई नहीं है यहाँ" म्हणून फोन ठेवून दिला होता. काकांनी त्यालाही माफ केलं नाही.

आमचं काम काय, ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. अमोनिया वायू आणि हवा एकत्र करून प्लॅटिनमच्या जाळीतून सोडायची. बर्नरच्या पोटातली ही जाळी चिकनकारीच्या कुर्त्याच्या मलमलीइतकी तलम असते आणि चालू असताना लालभडक तापलेली असते. वायू तिच्यातून जाताना डोळ्याचं पातं लवायच्या आत पालटतो, पुढे थंड होत होत तपकिरी होतो आणि उंच मनोऱ्यात वरून पडणाऱ्या पाण्यात मुरला की खाली ॲसिड जमा होतं. बाकीचा कारखाना म्हणजे नळ, पंप आणि टाक्या. खरं काय ते त्या जाळीवर. तिच्यावर बोटाचा तेलकटपणा, धूळ, गंजाचा कण, काहीही बसलं की तेवढी जागा आजारी पडते. तिथून अमोनिया न जळता तसाच पुढे निसटतो, आणि पुढच्या थंड नळांमध्ये त्याचं मीठ साठत जातं. ते मीठ साधं नसतं. पुरेसं साठलं आणि त्याला तापायला मिळालं, तर नळासकट माणसं उडतात.

"प्लॅटिनम माफ करत नाही," काका म्हणायचे. "तुम्ही सॉरी म्हणा, पाया पडा, तिला काही फरक पडून नाही राहिला. मी तिच्याजवळ तीस वर्षं काढली. मग मी काऊन माफ करू?"

जाळी बदलायचा दिवस म्हणजे आमच्याकडे मंगलकार्य असे आणि काका त्यातले सर्वांत खडूस भटजी. जाळीच्या खोलीत शिरायच्या आधी प्रत्येकाने अंगठ्या, घड्याळं, गळ्यातले ताईत काढायचे. केसांना तेल लावून आलेल्याला सरळ परत पाठवायचे. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, मग सुती हातमोजे. आणि पान! लखनौत पान खाऊ नका म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं, पण काका दारात पाण्याचा मग घेऊन उभे असत. "थूकिए. कुल्ला कीजिए. एक और. अब मुँह खोलिए." एवढा मोठा मिशीवाला रामसुमेर, चार मुलांचा बाप, पण त्यांच्यापुढे आ करून उभा राहायचा. मी नवीन नोकरीला लागलेली इंजिनीयर, वरच्या पदावरची, तरी मला म्हणाले, "पोरी, मंगळसूत्र ओढणीच्या आत घाल, बांगड्या काढ आणि हात दाखव." मी हात पुढे केले. त्यांनी माझी नखं तपासली. शाळेत असतानाही कुणी इतकी तपासली नव्हती.

मी मूळची संगमनेरची. नवऱ्याची बँकेने लखनौला बदली केली म्हणून इकडे आले आणि डिग्री होती म्हणून ॲसिडच्या कारखान्यात लागले. कॉलेजात या सगळ्याची समीकरणं पाठ केली होती, पण जाळी प्रत्यक्ष बघायला शिकवली काकांनीच. बर्नरच्या पोटाला वाटीएवढी काच असते, तिच्यातून आत बघायचं. "तो आकड्यांचा डब्बा नंतर पाय," ते म्हणत. "आधी रंग पाय. सुक्या मिरचीचा रंग असेल तर अजून थंडी आहे. कढईतून आत्ता काढलेल्या जिलबीचा रंग आला, की समजायचं बाई खूश आहे, जा, चहा घेऊन ये. जिलबीच्या वर गेली की धावायचं." मी रंग सांगायचा आणि त्यांनी आकडा वाचायचा, असा आमचा खेळ चाले. सहा महिन्यांत माझा अंदाज दहा अंशांच्या आत आला, तेव्हा त्यांनी डब्यातली अख्खी पुरणपोळी मला दिली. काकूंनी ती त्यांच्यासाठी दिलेली होती.

आणखी एक त्यांची पद्धत सांगते. प्लँट बंद होऊन पुन्हा सुरू होताना चिमणीतून थोडा वेळ तपकिरी धूर येतो. काका त्याआधी शेजारच्या शेतकऱ्यांना स्वतःच्या फोनवरून कळवत. "आज ग्यारह बजे धुआँ होगा, हवा पच्छिम की है, भैंस उधर मत बाँधिएगा." कंपनीने असं काही करायला सांगितलेलं नव्हतं. उलट एकदा वरून विचारणा झाली की बाहेरच्यांना प्लँटची माहिती का देता. काका म्हणाले, "धूर त्यांनाच दिसून राहिला साहेब, मी फक्त वेळ सांगतो."

ही विचारणा ज्यांनी केली, त्यांच्याकडे आता वळलं पाहिजे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर काकांच्या शेजारी त्यांना जागा मिळेल, आणि तेवढी मला त्यांना द्यायची नाही. ते आमचे प्लँट मॅनेजर, अंगात कायम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेव्हा इस्त्रीसाहेब म्हणू. जिथे माणूस गेल्यावर शर्टाला डाग पडायची शक्यता आहे, अशा जागी ते कधी जात नसत. जाळीच्या खोलीत मी त्यांना एकदाही बघितलं नाही.

त्या वर्षी मुंबईहून कंपनीचे संचालक आणि मोठे गिऱ्हाईक प्लँट बघायला यायचे होते. चार दिवस आधी इस्त्रीसाहेब बाहेरून फेरफटका मारत होते आणि त्यांना दिसलं की हवा आत ओढणाऱ्या मोठ्या नळाचे लोखंडी खांब गंजले आहेत. झालं. ठेकेदार बोलावला, ग्राइंडर आले, गंज घासून रंग द्यायचा हुकूम निघाला. प्लँट चालू, नळ हवा ओढतो आहे आणि त्याच्याच तोंडाशी लोखंड घासायचं! काका धावत गेले. मी बरोबर होते. "सर, घिसना है तो प्लँट बंद कीजिए. सारा लोहा अंदर जाएगा." इस्त्रीसाहेब हसले. "अरे यार, फ़िल्टर किसलिए लगा है? दो घंटे का काम है." काकांनी सांगितलं की त्या फिल्टरचं कापड एका कोपऱ्यात सुटलंय, बदलायला मागच्याच महिन्यात लिहून दिलंय. "तो वो भी हो जाएगा. पहले मेहमान निपट जाएँ." दोन तास नव्हे, दोन दिवस घासकाम चाललं. काकांनी शिफ्टच्या लॉगबुकात लाल शाईने सगळं लिहिलं आणि खाली सही केली.

पाहुणे आले त्या सकाळी मी बर्नरजवळ होते. खांब चकाचक, कुंड्यांना गेरू, ऑपरेटरांना नवे हेल्मेट. काका काचेला डोळा लावून उभे होते. त्यांनी मला हात केला. मी बघितलं. जिलबीच्या रंगावर तीनचार काळपट डाग, आणि ते वाढत होते. काका सरळ कंट्रोल रूममध्ये गेले, त्यांच्या मागोमाग मी. तिथे इस्त्रीसाहेब संचालकांना कारखाना गेल्या वर्षभरात, जाळी बदलायचे दिवस सोडले तर, एकदाही न थांबता कसा चालला आहे ते सांगत होते. काकांनी त्यांच्या काखेखालून हात घातला आणि प्लँट बंद करायचं लाल बटण दाबलं. सगळे भोंगे एकदम वाजले. पाहुण्यांपैकी एकाने घाबरून कान झाकले. इस्त्रीसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो अगदी मनापासून पाहिला.

जाळी काढली तेव्हा तिच्यावर लोखंडाची काळी पूड बसलेली होती. पुढचे नळ उघडले तर मीठ धरायला सुरुवात झाली होती. पाहुण्यांसमोरची शोभा म्हणून आणखी चारपाच दिवस तसंच चालवलं असतं, तर आज मी हे लिहायला नसते. आमच्या शिफ्टचे अकरा जण नसते. हे त्या कारखान्यातल्या प्रत्येकाला कळत होतं आणि इस्त्रीसाहेबांना सर्वांत आधी कळलं होतं. पण संचालकांसमोर प्लँट थांबला होता, आणि त्याला कुणाचं तरी नाव लागणार होतं.

चौकशी झाली. लॉगबुकचं ते लाल शाईचं पान लॉगबुकात सापडलं नाही. फिल्टर एका रात्रीत नवा झाला. आणि निष्कर्ष असा निघाला की जाळी बसवतानाच अस्वच्छ हातांनी हाताळली गेली, हातमोज्यांचा नियम पाळला गेला नाही, आणि याला जबाबदार बर्नरचे ऑपरेटर. म्हणजे ज्वालाप्रसाद. ज्या माणसाने आम्हाला नखं दाखवायला लावली, तो माणूस घाणेरड्या हातांचा. एखाद्याला मारायचं असेल तर नेमकं कुठे मारावं, हे इस्त्रीसाहेबांना चांगलं कळत होतं.

त्या निष्कर्षाला साक्षीदार हवा होता. जाळी बसवताना हजर असलेली इंजिनीयर मी होते. मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर शेजारी शेजारी दोन कागद होते. एक माझा जबाब म्हणून टाइप केलेलं पान, दुसरं माझी नोकरी कायम झाल्याचं पत्र. "दोनों पर आज ही साइन हो जाए तो अच्छा रहेगा, मैडम," इस्त्रीसाहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. चहाही मागवला होता. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, नवऱ्याची पुन्हा बदली व्हायची भीती होती, वगैरे वगैरे. कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि आजही आहेत. मी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. चहा प्यायले. तो चहा मला अजून आठवतो, त्यात वेलची होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये काका नेहमीच्या जागेवर बसले होते. मी शेजारी बसायला गेले तर ते उठून उभे राहिले. "बसा मॅडम," म्हणाले. तोवर मी 'पोरी' होते. त्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले, ती शेवटपर्यंत. ना आवाज चढला, ना एक शब्द वाकडा गेला. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण बसमध्ये सगळे होते.

त्यांना बर्नरवरून काढून गोदामात बसवलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. गास्केटं, बोल्ट आणि हातमोज्यांचे गठ्ठे द्यायचं काम. तिकडे नवीन पोरं जाळी बसवायची आणि काका जाळ्या लावलेल्या खिडकीमागे बसून हातमोजे मोजून द्यायचे. रामसुमेर सांगायचा की ते प्रत्येक जोडी उलटी करून आतून बघतात आणि मगच देतात. निवृत्तीच्या दिवशी इस्त्रीसाहेबांनी शाल दिली. काकांनी ती तिथेच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, ये आप रखिए. आपको ठंड लगेगी." सगळे हसले. इस्त्रीसाहेबही हसले, त्यांना वाटलं विनोद आहे.

निवृत्तीनंतर काका भंडाऱ्याला परत गेले नाहीत. मुलं पुण्याला, गावाकडे कुणी नाही. तेलीबागेत आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं छोटं घर होतं. मी दर रविवारी जायला लागले. का जात होते ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. काकू पोहे करायच्या. काका विचारायचे, "मॅडम, चहा घेऊन राहिल्या का?" मग तासभर फक्त प्लँट. मनोऱ्यातून येणारं ॲसिड पातळ का येतं, पाणी आतल्या कुठल्या थाळ्यावर अडतं, ॲसिडचा रंग उतरवायला त्यात किती हवा सोडायची. मी दुसऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर गेले, ते त्या रविवारांच्या जोरावर. माझी मुलगी बरोबर यायची. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. एकदा परत येताना तिने विचारलं, "मम्मी, नाना आपसे नाराज़ हैं क्या? सबको बेटा बोलते हैं, आपको मैडम."

एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही मला एवढं शिकवता. म्हणजे राग गेला ना?" त्यांनी बशीतला चहा संपवला. "शिकवणं वेगळं, माफ करणं वेगळं. न शिकवता सोडलं तर तुमच्या प्लँटचे लोक मरतील. त्यांनी माझं काय केलं आहे?"

मी ती सही मागे घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. जुन्या कंपनीला पत्र लिहिलं की माझा जबाब खोटा होता, अहवाल दुरुस्त करावा. उत्तर आलं, दोन ओळींचं. मुदत संपल्यामुळे ती फाइल नियमाप्रमाणे नष्ट केली आहे, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. मी ते पत्र काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "कागद जाळला," म्हणाले. "पण बोलणं तर चालूच आहे न." ते काय म्हणत होते ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं या वर्षी. आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता आणि व्याख्यानाला पाहुणे म्हणून इस्त्रीसाहेब आले. निवृत्त झाल्यापासून ते ठिकठिकाणी फिरून सुरक्षेवर भाषणं देतात. मला आदल्या दिवशी कळलं. रजा टाकावी असं वाटलं होतं, पण मी उत्पादन विभागाची प्रमुख, पहिल्या रांगेत बसणं भाग होतं. शर्ट तसाच होता. भाषणही चांगलं करतात, हे कबूल केलं पाहिजे. मध्येच म्हणाले, "अब एक मज़ेदार क़िस्सा सुनिए." आणि काकांची गोष्ट सांगायला लागले. नाव न घेता. एक बुज़ुर्ग ऑपरेटर थे, प्लॅटिनमची जाळी बसवायला आले तर हाताला पराठ्याचं तूप. "हमने पूछा, चाचा, ये क्या? बोले, साहब, नाश्ता छूट जाता!" दोनशे माणसं हसली. माझ्या शेजारी बसलेले आमचे डायरेक्टर हसले. मी बघितलं, सगळे किती मोकळेपणाने हसत होते. अहवालात तूप नव्हतं. गेली कित्येक वर्षं गावोगावी सांगता सांगता त्यांनी ते तूप स्वतः घातलं होतं.

मी उभी राहिले. माइक मागितला नाही, माझा आवाज मोठा आहे. "सर, घी नहीं था. लोहे का बुरादा था. आपके ग्राइंडर का, जो आपने चलते प्लँट पर चलवाया." ते म्हणाले, "मैडम शायद किसी और घटना की..." मी म्हटलं, "उसी की. जिस काग़ज़ पर लिखा था कि उनके हाथ गंदे थे, उस पर साइन मेरी है. झूठी साइन. आपने पेन का ढक्कन खोलकर दिया था." आणि मग मी सगळं सांगितलं. फिल्टरचा सुटलेला कोपरा, लाल शाईचं पान, काचेतले डाग, नळातलं मीठ. काकांचं पूर्ण नाव सांगितलं, मुरलीधरसकट. कुणी हसत नव्हतं. इस्त्रीसाहेबांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. मी खाली बसले, आणि खरं सांगते, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्याला खाली पाडण्यात सुख नसतं असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांना तशी संधी मिळालेली नसावी.

संध्याकाळी सरळ काकांकडे गेले. ते महिनाभर अंथरुणावर होते, छातीचं दुखणं, चार शब्दांना एक श्वास लागायचा. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. "तो काय म्हणाला?" काही नाही, पाणी प्याला. "किती?" अख्खा ग्लास. "घाम आला का?" मी म्हटलं, काका, एसी चालू होता. "एसीतही येतो, नीट आठवा." मी आठवलं. कपाळावर आला होता. काका हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. काकू आतून ओरडत आल्या, "अहो, पुरे!" तर त्यांना म्हणाले, "तू पण ऐक. मॅडम, हिला सुरुवातीपासून सांगा." मी तिसऱ्यांदा सांगितलं. तुपाच्या जागी ते गंभीर झाले. आपल्या हातांकडे बघत राहिले. "तूप," एवढंच म्हणाले.

निघताना मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आले होते, तरी विचारलंच. "आणि माझं काय, काका? आता तरी?"

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, "तुम्ही सही केली त्याच दिवशी मी तुम्हाला माफ केलं असतं, तर आज तिथं उभ्या राहिल्या असत्या का, मॅडम?"

काकूंनी मला दारापर्यंत सोडलं. गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांच्यामधून वाट काढत मी घरी आले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.

नऊ दिवसांनी काका गेले. रामसुमेर आला होता, मिशा पांढऱ्या झालेला, बरोबर जुन्या शिफ्टचे सातआठ जण आणि बख्शी का तालाबचे दोन शेतकरी. पुण्याहून मुलं आली. मला आमच्या कंपनीने खोट्या सहीबद्दल लेखी विचारलं होतं, त्याचं लेखी उत्तर मी त्याच आठवड्यात दिलं. पुढे काय व्हायचं ते होईल.

तेराव्यानंतर एका दुपारी फोन आला. आवाज लगेच ओळखला. इस्त्रीसाहेबांना आता भाषणांना फारसं कुणी बोलावत नाही, असं माझ्या कानावर आलं होतंच. त्यांनी आधी काकांबद्दल दुःख व्यक्त केलं. बड़े नेक आदमी थे, म्हणाले. मग म्हणाले, मी दोन ओळी लिहून दिल्या की त्या दिवशी माझा काहीतरी गैरसमज झाला होता, तर बरं होईल. "देखिए मैडम, अब तो वो भी नहीं रहे. हम सब की उम्र हो गई. माफ कर दीजिए और बात यहीं ख़त्म करते हैं."

"नहीं सर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.